पाटलीची कड

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. ती सध्या पुण्याला आहे, लेकीच्या बाळंतपणासाठी. घरात मी एकटा — आणि समोर हा सोफा. उद्या कारागीर येऊन त्याचं जुनं कापड उतरवणार आहे. कापड गेलं की खूणही जाईल, म्हणून आजच सांगतो.

हे कापड मीच निवडलं होतं. मी काहीही मोजून-मापून घेणारा माणूस. इथल्याच मंगळवार पेठेतल्या दुकानदारानं एकेक थान उलगडून दाखवलं. कॅनव्हास — जाड, सरळ विणीचं, रोजच्या वापराला उत्तम. जॅकार्ड — नक्षी विणीतच, त्यामुळं धुऊनही उडत नाही. मखमल — दिसायला छान, पण बसल्याच्या खुणा राहतात. आणि एक लूपचं, मऊ, वर सुताचे बारीक फासे उभे असलेलं. दुकानदार स्वतःच म्हणाला, ह्यात काही अडकलं की धागा बाहेर येतो, साहेब. तरी मी तेच घेतलं. का? हाताला बरं लागलं. एवढंच.

मग घरात नियम आले. सोफ्यावर घड्याळ काढून बसायचं. खिशात किल्ल्या नकोत. केसातल्या पिनेवरून लेकीला एकदा इतकं बोललो की ती जेवली नाही.

आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्तीनं, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. ती दर रविवारी हुपरीहून बसनं यायची. नवा सोफा बघून दारातच थांबली. "आरं, ह्येच्यावर बसायचं का ह्येला नमस्कार करायचा?"

तिच्या उजव्या हातात चांदीची एक पाटली असायची. तिचे यजमान चांदीचे कारागीर. त्यांनीच घडवलेली, कड स्वतः घासून गुळगुळीत केलेली. ते गेल्यावरही तिनं ती काढली नाही — आणि कुणी नाक मुरडलं तर ऐकूनही घेतलं नाही. आत्तीला जड लुगडं सोसायचं नाही, म्हणून बारमाही वायलचं पातळ. वायल किती तलम, तुम्हाला माहीत असेल. पीळदार बारीक सूत, वीण विरळ. नखाची कपची लागली तरी धागा ओढला जातो. त्या पदरावरून ती पाटली जन्मभर फिरली. एकही सूत कधी निघालं नाही. मी ते रोज पाहत वाढलो होतो — हे आधी सांगून ठेवतो.

त्या रविवारी आत्ती माझ्या शेजारीच बसली होती. मी सोफ्यावरून उठलो आणि मागे काहीतरी ओढल्यासारखं झालं. किल्ल्या माझ्याच मागच्या खिशात होत्या. वळून पाहिलं, तर वीतभर धागा बाहेर. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अगं बाई, हे कुणी केलं?"

मी काय म्हणालो असेन?

"आत्तीची पाटली अडकली असेल."

आत्तीनं मनगट फिरवून पाहिलं. कडेवरून बोट फिरवलं. "ह्यांनी घासून दिलेली हाय रं. वायलीला कधी लागली न्हाई." मग म्हणाली, "पर तू म्हणतोस म्हंजे आसंलच. तू काय खोटं बोलणारा न्हवंस."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

पुढच्या रविवारी ती आली ती मोकळ्या हातानं. मनगटावर गोरा पट्टा. हात सुजलेला, पाटली निघेना — म्हणून शेजारच्या सोनाराकडून कापून घेतली होती. कागदात गुंडाळलेले दोन तुकडे तिनं माझ्या हातात दिले. "ठेव. तुझ्या लेकीला पोर झालं की वाळं कर त्येचं." मग सोफ्याकडं बघत, अगदी सहज, "आता बसू का?"

"बस की," मी म्हणालो.

ती बसली — हात मांडीवर, पदरात झाकून. त्यानंतर जितके रविवार आली, तितके तशीच बसली. मागच्या वर्षी ती गेली.

बायको फोनवर विचारते, वाळे टाकले का करायला? करतो, म्हणतो. सोनार विचारेल, चांगली पाटली कापली कशाला? त्याला काय सांगू?

काल ते तुकडे काढले. बायकोची वायलची साडी पलंगावर पसरली आणि कड फिरवली, एकदा सावकाश, एकदा जोरात. सूत हललं नाही. मग सोफ्यावर फिरवली, त्या फाशांवरून, पुन्हा पुन्हा. पाण्यावरून जावी तशी गेली.

शेवटी तुकडा उलटा धरून कापलेलं टोक टेकवलं. तिथं मात्र लगेच धागा अडकला.