टरफलांची नववी बॅच

सोमवार, २० जानेवारी १९८६. सकाळपासून मी नवव्या बॅचच्या बारा सेलची व्होल्टेज वहीत उतरवत होते. चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवलेले सेल. बाराही उतरले होते.

आमची जयपूरची लॅब भुईमुगाच्या टरफलांपासून कार्बन बनवायची. टरफलं बंद डब्यात, हवा न लागू देता जाळायची. कोळसा धुवायचा, वाळवायचा, दळायचा. गाडीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटी असतात. त्यात ही पूड थोडीशी मिसळली, की बॅटरी जास्त दिवस टिकते. आठ बॅच चांगल्या गेल्या. नववी एका बॅटरी कारखान्याला दाखवायची होती.

रामावतारजी आमचे लॅब अटेंडंट. पन्नाशीचे, अकरा वर्षं टेम्पररी. ते म्हणाले, "मॅडमजी, चार्जिंग के टाइम टंकी की सफाई जैसी बू आ रही थी. मैंने सोचा, होगी कुछ."

टाकी साफ करताना येतो तो क्लोरीनचा वास. बॅटरीत क्लोरीन येतो मिठातून. उरलेली पूड पाण्यात ढवळून गाळली आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. इथे ताक झालं.

"छिलके कहाँ के थे?"

"लॉन के. आपसे पूछा तो था."

विचारलं होतं. डिसेंबरात तेलाच्या घाण्यावरून आणलेली पोती संपली. थंडीत आमचं अख्खं ऑफिस जेवणानंतर लॉनवर उन्हात शेंगा सोलत बसायचं. रामावतारजींनी तीच टरफलं गोळा केली. मी फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "छिलके छिलके होते हैं, ले लीजिए." घाण्यावर शेंगा कच्च्याच फोडतात. लॉनवरच्या शेंगा हातगाडीवरच्या; ठेलेवाला त्या मिठाच्या पाण्यात भिजवून भाजतो. ते मीठ आमच्या एका धुण्यात निघालं नव्हतं.

डायरेक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "लिख दीजिए, अटेंडंट ने बिना पूछे माल बदला."

"पूछा था, सर. मुझसे."

"उसकी पर्मनंट होने की फाइल मेरे पास पड़ी है. आपका प्रमोशन भी. सोच लीजिए, किसकी रोकनी है."

"टेस्ट करना मेरा काम था. पाँच मिनट का. मैंने नहीं किया."

"आप मराठी लोग अड़ियल बहुत होते हैं," ते म्हणाले आणि दुसरी फाइल उघडली.

मी जसं घडलं तसं लिहून दिलं. मला मेमो मिळाला. कारखान्याने ट्रायल पुढे ढकलली. माझं प्रमोशन दोन वर्षं लांबलं, रामावतारजी मार्चमध्ये पर्मनंट झाले.  

कचऱ्यापासून काही बनवायचं, तर तो कोणाच्या हातून आला हे आधी विचारावं. विचारायला कंटाळा येतो, एवढीच अडचण असते.

त्या सोमवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी जयपुरातल्या दुर्गापुऱ्याहून पहिली बस धरली आणि रामावतारजींना घेऊन घाण्यावर गेले. पोत्यात हात घालून एक टरफल काढलं आणि जिभेवर ठेवलं. घाणेवाला बघत राहिला. टरफल अळणी होतं. मग पोती बांधायला सांगितली.