भिंतीतली ओल

बाइंडिंगवाले काका त्या खोलीत सव्वीस वर्षं भाड्याने राहत होते. भिंतीला ओल आली तेव्हा त्यांनी मालकीणबाईंना तीनदा सांगितलं. "बघू हो," म्हणत त्या विसरून गेल्या. एके सकाळी भिंतीतला पाइप फुटला आणि लोकांनी विश्वासाने बांधायला दिलेल्या पुस्तकांचा लगदा झाला.

विमा कंपनीचा माणूस आला. "घराचा विमा बाईंचा आहे. सामानाचा तुम्ही काढला होता?"

"नाही."

"ओलीबद्दल बाईंना आधी सांगितलं होतं? सांगूनही दुरुस्ती केली नसेल, तर पुस्तकांची भरपाई यांना पदरची द्यावी लागेल. घराचे पैसेही मिळणार नाहीत."

मालकीणबाई खाली मान घालून उभ्या होत्या. काकूंच्या शेवटच्या आजारात याच बाई त्यांच्या उशाशी बसून राहिल्या होत्या.

"नाही सांगितलं. माझ्याच लक्षात आलं नाही," काका म्हणाले.

बाईंची भिंत नवी झाली. काका मात्र दारोदार माफी मागत फिरले. एका म्हाताऱ्याने वडिलांची भिजकी वही छातीशी धरली आणि दार लावून घेतलं. पुढे काकांकडे कुणी पुस्तक आणलं नाही. मालकीणबाईही त्यांना टाळू लागल्या, आणि काकांच्या मनाला जास्त लागलं ते हेच.