डेल्फ्टची धुतलेली वाळू

लॅबमध्ये तेल थेंबथेंब निघतं, किस्से मात्र बादलीभर! डेल्फ्ट या डच शहरातल्या आमच्या लॅबचे सांगायला बसलो की पूर्वी हसू यायचं. हल्ली येत नाही.

काम असं, की कॅनडाहून पिंपात डांबरासारखी चिकट वाळू यायची. गरम पाणी न ओतता, एका सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, तिच्यातलं तेल काढायचं. सॉल्व्हंट पुन्हा वापरायचा. आणि वाळू इतकी स्वच्छ हवी की होती तिथे परत टाकता यावी.

नितीन गायकवाड नागपूरचा, चार वर्षं याच वाळूत. पीएचडी, तिथे राहायचं परमिट, सगळं तिच्यावर. मी टेक्निशियन, पुण्याचा.

*

त्याच्या मुलीने, मीराने, शाळेत डचमध्ये सांगितलं, "बाबा वाळू धुतो." दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली, "आमच्या मुलांच्या खेळायच्या वाळूत मांजरं घाण करतात. वेळ आहे का?"

नितीन शनिवारी खरंच जाऊन आला!

*

आमची गाईड आनेका रोखठोक बाई. "तेलाचं काम आता कुणालाच नकोय," ती म्हणाली. "पैसे देणाऱ्या कमिटीसमोर वाळूत तेल दिसलं, तर प्रोजेक्ट बंद."

नितीनने जेवण सोडलं. महिन्याभराने वाळू पांढरीशुभ्र निघाली. पठ्ठ्या रडला हो!

*

कमिटी यायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मी सवयीने मशीनला हळदकुंकू लावलं.

नितीन म्हणाला, "मला हे पटत नाही. पुसून टाक."

"असू दे रे, एवढ्याने काय होतंय!"

*

वाळूत तेल उरलंय का, हे सॉल्व्हंटच्या रंगावरून कळतं. कमिटीसमोर नितीनने वाळू त्यात ढवळली. सॉल्व्हंट पिवळाधमक! एकाने "तेल आहे" असं लिहून घेतलं.

मशीनवरची चिमूटभर हळद भांड्यात सांडली होती, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. आनेकाने मेलवर मेल केले. उत्तर एकच आलं, "निर्णय झाला आहे."

नितीनने स्वतः मशीनवरचं हळदकुंकू पुसून काढलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

प्रोजेक्ट बंद झाला, परमिट संपलं. नागपूरला परत जाताना नितीनने बॅगेत एक बरणी ठेवली, शेवटच्या धुतलेल्या वाळूची. पुढचं त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं.

विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने बरणी उघडली. आतून स्फोटकं शोधायची पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली, स्क्रीन बघितला.

"काहीच नाही. एकदम स्वच्छ."

मागे रांग खोळंबली होती. नितीन हलेना.

"साहेब," तो म्हणाला, "एवढं लिहून द्याल का?"