वानखेडेकाकूंचं जातं

लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरून जात्याची घरघर सुरू झाली, की आम्ही मराठी बायका आधी आपापल्या घरातली माणसं आठवायचो. सगळी जागेवर असली, की मग एकमेकींना हळूच विचारायचं, "कोणाचं आहे?" वानखेडेकाकू उगाच जातं मांडत नसत. ओळखीतलं कोणी इस्पितळात गंभीर असल्याचं कळलं, की त्याच दुपारी त्या ज्वारी ओलवून भरडायला बसत.

काकू वर्ध्याच्या. काका रेल्वेत गार्ड, त्यामुळे गावाकडच्या ज्वारीचं पोतं चारबाग स्टेशनवर आपसूक उतरायचं. भरडायचं, पाखडायचं, उन्हात वाळवायचं आणि त्या कण्या पितळी डब्यात भरून ठेवायच्या. आजारी माणूस घरी आला तर त्याला ताकातल्या पातळ कण्या. नाही आला तर त्या घरच्यांना आणि गावाहून आलेल्या साऱ्या गोतावळ्याला मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून घट्ट शिजवलेल्या कण्या आणि दूध. "त्या दिवशी चूल पेटवायचं कोणाले सुचत नाही," काकू म्हणायच्या. "मंग आधीच करून ठेवा लागते." बोलताना चेहऱ्यावर काही नसायचं. पाठीवरून हात फिरवणं वगैरे त्यांना जमत नसे. आम्ही नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली त्यांना पाठीमागे 'यमाची स्वयंपाकीण' म्हणायचो आणि वर हसायचो.

एक्क्याण्णव साली माझ्या नवऱ्याला, अरुणला, कावीळ झाली आणि ती बळावली. मी इस्पितळातच राहत होते. एका दुपारी कपडे न्यायला घरी आले, तर फाटकातच घरघर ऐकू आली. माझ्या समोरच्या घरातल्या श्रीवास्तव भाभी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. कोणाचं आहे, हे मला विचारावं लागलं नाही.

मी चपला न काढता काकूंच्या घरात शिरले आणि जात्याचा खुंटा धरला. "बंद करा! तो जिवंत आहे अजून!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. जात्याभोवतीचा भरडा हाताने गोळा करत म्हणाल्या, "घरी आला त त्याले ताकात शिजवून देऊ. नाही आला त तुले दुधात. कण्या त्याच, पोरी. सोड खुंटा."

"मला नकोत तुमच्या कण्या. माझ्या दारात आणू नका!"

"बरं," त्या म्हणाल्या. मी जिना चढत असताना जातं पुन्हा सुरू झालं.

अरुण तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. साताऱ्याहून सासूबाई, दीर, नणंदा आल्या. काकूंनी माझा शब्द पाळला. गंज माझ्या दारात आणलाच नाही, श्रीवास्तव भाभींच्या दारात ठेवला. दोन दिवस माझ्या पोटात चहापलीकडे काही गेलं नव्हतं. भाभींनी वाटी पुढे केली, "खा लो बेटा, नीचेवाली चाची ने भेजा है।" मी ती वाटी संपवली आणि आणखी मागितली. नवरा जाऊन दोन दिवस झालेली बाई दुसऱ्यांदा वाढून घेते, याची मला लाज वाटली. अजून वाटते. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी भाभींना एवढंच विचारलं, की मीठ बरोबर होतं का.

अरुणच्या बँकेने मला त्याच्या जागी नोकरी दिली आणि मी लखनौतच राहिले. पुढे जातं मांडलं गेलं, की मी सुट्टीच्या दिवशी काकूंच्या समोर जाऊन बसू लागले. शिकवणं असं नव्हतंच. चुकलं की काकू "जाड झाल्या" म्हणत आणि पुन्हा घालायला लावत. त्या दुपारबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. माफी मागायचं माझ्याकडूनही राहून गेलं.

शहाण्णवच्या थंडीत काकूच इस्पितळात गेल्या. पोटात गाठ होती, फार उशिरा कळली. मी बँकेतून रोज तिकडे जायचे. एका संध्याकाळी काका औषधं आणायला खाली गेले आणि काकूंनी विचारलं, "भरडलं का?"

"काहीतरीच काय, काकू! तुम्ही घरी येणार आहात." आजारी माणसाला जे सांगतात, तेच मी सांगितलं.

त्या चिडल्या. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "काऊन नाही भरडलं? तुह्या काकायले साधा चहा करता येत नाही. त्या दिवशी काय खाऊ घालशीन?" दम लागला म्हणून थांबल्या आणि मग म्हणाल्या, "तुह्या वेळी मी थांबली होती का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, काकांकडून किल्ली घेतली आणि काकूंच्या घरी ज्वारी ओलवली. दुपारी घरघर सुरू झाली तशी जिन्यातली बोलणी बंद पडली. प्रत्येक फेऱ्याला वाटत होतं, आपणच काकूंना मारतोय. अरुणच्या वेळी त्या दुपारी मान खाली घालून बसलेल्या काकूंनाही हेच वाटत असणार, हे कळायला मला पाच वर्षं लागली. मी रडत होते, पण हात थांबवला नाही.

चौथ्या दिवशी काकू गेल्या. स्मशानातून आल्यावर काका भिंतीला टेकून बसले. मी कण्यांची वाटी त्यांच्या हातात दिली. एक घास खाऊन ते थांबले.

"तिनंच भरडून ठेवल्या होत्या का?"

मी हो म्हणाले.

काकांनी वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.