आत्या मन शिकते

उभ्या मराठवाड्यात माणसाच्या मनाला न घाबरणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे आमची मुकुंदवाडीची आत्या. तिचं लहानपण लासूरकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. शाळा सातवीत सुटली, आणि घरात सुना आल्यावर तिनं बाहेरून दहावी-बारावी करून बी.ए.ला नाव घातलं. विषय मानसशास्त्र. "मेंढरांचं मन कळतं, मग माणसांचं का कळू नाय?" एवढंच तिचं म्हणणं.

जो धडा वाचून होई, त्याचा प्रयोग त्याच संध्याकाळी घरात. संवेदन शिकली तेव्हा तिनं भिंतीवर कोळशानं दोन सारख्या रेघा ओढल्या. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या बाहेर. लांब कोणती, हे सांगितल्याशिवाय पाहुण्याला चहा नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, टेप लावून मोजल्यावरही म्हणाले, "टेपच खोटा हाय." अध्ययनाच्या धड्यात मामाच सापडले. चप्पल जाग्यावर ठेवली की मूठभर शेंगदाणे. पंधरा दिवसांत मामा चप्पल ठेवून हात पुढं करायला लागले. मनोविकारांच्या धड्यात मात्र आत्यालाच एकेक विकार होत गेला. हे सगळ्याच विद्यार्थ्यांना होतं, असं कॉलेजातल्या मॅडमनी सांगितल्यावर ते सगळे एकदम उतरले आणि ती जराशी हिरमुसलीच.

त्याच सुमारास माझ्या ताईला गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत एकाएकी छाती धडधडून आता मरतेच असं झालं. तपासण्या ठणठणीत आल्या, पण ताईनं आधी बाजार सोडला, मग शाळेतली नोकरी, मग उंबरा ओलांडणंच. वर्ष गेलं. लोक म्हणत, बाहेरचं झालंय. आई लिंबं उतरवून टाकत होती. आत्या आली, ताईजवळ तासभर बसली आणि आईला म्हणाली, "वहिनी, बाहेरचं काय नाय. हा आजार हाय. अन् तो बरा व्हतो."

तिनंच ताईला रिक्षात घालून मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी औषध दिलं आणि भीतीला पायरी-पायरीनं सामोरं जायला सांगितलं. आत्याला ते लगेच पटलं. "बुजलेलं मेंढरू पाण्यात ढकलत नसतेत. आधी काठावर उभं करायचं." पहिला आठवडा नुसतं अंगणात. मग कोपऱ्यावरचं दुकान, मग भाजी मंडई. चार महिन्यांनी दोघी लासूरच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. मी मागच्या बाकावर होतो.

दौलताबाद सुटलं आणि ताईचा चेहरा पांढरा पडला. "आत्या, उतरू या. मी मरते."

"नाय मरत. घाबर, पोटभर घाबर. म्या बसले हितं. चढलंय तसं उतरंल."

आत्यानं ना पाणी दिलं, ना वारा घातला. नुसती बसून राहिली. पुढचं पोटूळ स्टेशन येईस्तोवर ताईचा श्वास सावकाश झाला. लासूरला ती आपल्या पायांनी उतरली, तेव्हा आत्या फलाटावर अनोळखी माणसांना धरून सांगत होती, "आमची पोरगी आली! गाडीत बसून आली!" एका म्हाताऱ्यानं काही न कळताच फेटा सावरून "लई झ्याक" म्हटलं. ताई दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

आत्या बी.ए. झाली. ताईला नाशिकला नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी आत्या इरकल नेसून, पिशवी भरून तयार. "येऊ ना संगं?"

ताई तिच्या पाया पडली. "नको आत्या. जाते मी एकटी."

"व्हय की. जा, जा," आत्या म्हणाली. रिक्षा वळणाआड गेली तरी ती पिशवी हातात धरून बराच वेळ तिथंच उभी होती.