केळीच्या पानाखालून

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आलं की बस्त्याव काका आधी कोंबड्याच्या मानेची पिसं निवडून घेत, मगच कोंबडा काकीच्या हाती जाई. "सोनाराकडे तरी इतकं निवडलं होतंत का माझ्यासाठी?" काकी विचारायची. ती पिसं काका काळ्या दोऱ्याने बारक्या गळाला बांधत. झाली माशी! आमच्या नंदाखाल गावात सगळे गांडूळ लावून मासे धरत. खोट्या माशीने धरणारे काका एकटेच, आणि तेही बहुतेकदा रिकाम्या हाताने परतत.

काकांची उमेदीची वर्षं निलगिरीतल्या एका बंगल्यावर स्वयंपाकी म्हणून गेली. तिथे डोंगरमाथ्यावरच्या तळ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो धरायला येणाऱ्या पाहुण्यांना काकाच तळ्यावर नेत. "त्या पाण्यात हात घातला ना पोरा, की हाडाला कळतं," असं सांगत आणि मग बराच वेळ आमच्या बावखलाकडे बघत बसत. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. काठाला केळी, वर माड.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नववीत नापास झालो. घरात कोणी माझ्याशी धड बोलेना. काकांनी कुंपणावरून हाक मारली, "पुस्तक नाय जमलं ना? ये, हे जमतं का बघू." त्यांच्या जुन्या बंगल्याला पाहुण्यांना तळ्यावर नेणारा माणूस हवा होता.

मासे धरायची काठी डोक्यावरून फिरवली की गळ माडाच्या झावळीत अडके. म्हणून काकांनी मला वाकून, कुशीवरून, पाण्याला जवळजवळ चिकटून दोरी टाकायला शिकवलं, झुकलेल्या केळीच्या पानाखालून. "पान फाटलं तर चहा नाय!" पहिला महिना मी चहा चाखला नाही.

निलगिरीला पोचलो, तर बंगल्याच्या मॅनेजरने एकच दिवस दिला. मासा धरून दाखव, जमलं तर ठेवीन, नाहीतर उद्याची गाडी. पहाटे चढून तळ्यावर पोचलो तर समोरून वारा. माझ्याआधी दोन सरावलेल्या पाहुण्यांनी डोक्यावरून दोरी टाकली; ती उलटी येऊन त्यांच्याच टोप्यांत अडकली. परत कुठल्या तोंडाने जायचं? मला तर एकच रीत येत होती. मी वाकलो.

"झाडू मार रहा है क्या?" मॅनेजर हसला.

दोरी वाऱ्याच्या खालून सरळ निघून गेली. तिसऱ्या खेपेला काठी वाकली. अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. मासा सोडवताना मी पाण्यात हात घातला. हाडाला कळलं.

त्या रात्रीच काकांना पत्र लिहिलं, अशुद्ध, चार पानी. उत्तर काकीचं आलं. काका अंथरुणाला खिळले होते. "पत्र दोनदा वाचून घेतलं. पाण्याचं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्याला विचार, पान फाटलं का? गुरुवारी गेले."

आज इतकी वर्षं मी इथेच आहे. घर मिळालं, संसार झाला, सगळं त्या एका हाकेमुळे. या थंडीत केळ जगत नाही. तरी दोरी टाकताना मी त्या पानाखालूनच टाकतो. अजून फाटलेलं नाही, काका.