चौकीतलं शिवणकाम

गल्लीत तिला सगळे मशीनवाली म्हणत. नवऱ्याचा आवाज चढला की ती शिलाई मशीन जोरात चालवायची, शेजाऱ्यांना उगाच संकोच नको म्हणून. त्याने इस्त्रीने तिचा दंड भाजला, तेव्हा मात्र ती कोर्टात गेली. कोर्टाने आदेश दिला: नवऱ्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही आणि पोलिसांनी तिला संरक्षण द्यायचं.

नवरा आईकडे राहायला गेला आणि संध्याकाळी येऊन दार बडवू लागला. तिने चौकीला फोन केला.

"आत शिरलाय का?" हवालदाराने विचारलं.

"अजून नाही."

"मग शिरला की कळवा."

पुढच्या खेपेला तो शिरला. पोलीस आले तोवर तो पसार झाला होता आणि तिचा ओठ फाटला होता. हवालदार म्हणाला, "वहिनी, आम्ही तरी कुठे कुठे पुरे पडणार? तुमच्या दारात बसून थोडंच राहता येतं?"

तिला ते पटलं. सकाळी तिने मशीन हातगाडीवर घातलं आणि चौकीतल्या बाकाशेजारी, खिडकीच्या उजेडात मांडलं.

"हे काय?"

"तुम्हाला येणं जमत नाही ना भाऊ, म्हणून मीच आले."

हवालदाराने साहेबांना बोलावलं. साहेबांनी आदेश पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला, घसा खाकरला आणि ते आत गेले. ती उशांचे अभ्रे शिवत राहिली. गिऱ्हाइकं तिथेच मापं द्यायला येऊ लागली. हवालदाराच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिने न सांगता लावून दिलं. तो आणखीच अवघडला.

आठवडाभराने नवरा थेट चौकीत आला. "अब्रू वेशीला टांगलीस! ऊठ!" म्हणत त्याने तिची वेणी धरली.

क्षणभर कुणीच हललं नाही. तिने मशीनची कड घट्ट धरली. इथेही नाही, तर मग कुठे? तेवढ्यात हवालदार उठला आणि त्याने नवऱ्याचं मनगट पकडलं.

"अहो, बायको आहे माझी!"

"ठाऊक आहे," हवालदार म्हणाला. "आदेशात तेच लिहिलंय."

नवरा कोठडीत गेला, पुढे त्याला शिक्षाही झाली. मशीन पोलिसांच्या गाडीतून घरी आलं. गस्तीचा शिपाई आता रोज तिच्या गल्लीतून फेरी मारतो आणि दाराशी थांबून "सगळं ठीक ना?" विचारतो. सुरुवातीला बुटांचा आवाज आला की तिच्या हातून सुई निसटायची. हल्ली ती मान वर न करता "ठीक आहे" म्हणते आणि टाका पुढे घेते.